ऋण काढून रस्ता

आपल्याकडे रस्ता बांधला जात नाही. तो 'मंजूर' होतो. मंजूर झाला की निधी 'येतो', कधी कुणीतरी तो 'आणतो', आणि मार्चअखेर झाली की तोच निधी 'परत जातो'. मराठी हा माझा विषय असल्याने या क्रियापदांकडे माझे लक्ष गेले. येणे, जाणे, परत जाणे! जणू निधी म्हणजे वळवाचा पाऊस. कुठून आला, कुणाचा होता, का गेला, हे विचारण्याची सोयच या भाषेत नाही. कर्जाची भाषा मात्र वेगळी आहे. कर्ज 'काढावे' लागते आणि 'फेडावे' लागते. दोन्ही क्रियापदांना कर्ता लागतो. कुणी काढले आणि कोण फेडणार, हे दोन प्रश्न व्याकरणच विचारते.

गावाने आपल्या गल्ल्या, गटारे आणि पायवाटा दुरुस्त करण्यासाठी उघडपणे, मोजूनमापून कर्ज काढावे आणि ते स्वतः फेडावे, असे मी म्हणते. हे वाचून आमच्या वर्गातील मित्र हसतील आणि घरची वडीलधारी मंडळी काळजीत पडतील, हे मला ठाऊक आहे. 'ऋण काढून सण' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण या म्हणीत दोष कशाला दिला आहे? ऋणाला की सणाला? आपल्या भुदरगड तालुक्यात विकास सोसायटीचे पीककर्ज न घेतलेले घर शोधून काढावे लागेल. उसाला खतासाठी कर्ज घेतले, बिद्रीचे बिल आले, कर्ज वळते झाले. याला कुणी उधळपट्टी म्हणत नाही. नदीवरून शेतापर्यंत पाइपलाइन टाकायची तर आठ-दहा वर्षांचे कर्ज काढतात, कारण पाइपलाइन आठ-दहा वर्षांहून अधिक टिकते आणि दरवर्षी हप्त्याचे पैसे स्वतःच मिळवून देते. घर बुडते ते मांडवासाठी काढलेल्या कर्जाने. मांडव तिसऱ्या दिवशी उतरतो आणि हप्ता पाच वर्षे चालतो.

रस्त्यालाही हाच हिशेब लावावा. खड्ड्यात खडी-डांबर ओतून वरून रूळ फिरवणे हा मांडव आहे. मृग बरसला की तो उतरतो. आपल्या भागातला पाऊस कसा असतो हे गारगोटीकराला सांगायला नको. पाटगावच्या बाजूने ढग उतरले की आठवडा-आठवडा उघडीप नसते. डांबराचा खरा वैरी गाडीचे चाक नव्हे, साचलेले पाणी होय. पाणी डांबर आणि खडी यांच्यामध्ये शिरते, खडी सुटते, आणि मग उसाने भरलेला ट्रॅक्टर उरलेले काम करतो. म्हणून गटाराशिवाय केलेला रस्ता म्हणजे पाया न घालता बांधलेली भिंत. डागडुजीसाठी कर्ज काढणे हे ऋण काढून सण करणेच ठरेल. ती वर्षाच्या उत्पन्नातूनच झाली पाहिजे. पण दोन्ही बाजूंना बांधीव गटारे, खाली नीट दाबलेला थर, वर काँक्रीट आणि कडेला चालणाऱ्यासाठी हातभर उंच फरसबंदी, असे काम एकदा केले तर ते वीस वर्षे सहज पाहते. त्यासाठी दहा वर्षांचे कर्ज काढले तर फेडून झाल्यावरही रस्ता उरतो. त्यावरून पुढे चालणाऱ्यांनीही थोडा भार उचलावा, यात अन्याय कोणता? आजच्या पिढीने सगळे रोख भरायचे आणि पुढच्या पिढीने फुकट चालायचे, किंवा आज काहीच करायचे नाही आणि पुढच्या पिढीने चिखल तुडवायचा, या दोन टोकांपेक्षा हप्ता बरा.

गावांनी कर्ज काढणे ही काही नवी टूम नव्हे. स्थानिक संस्थांच्या कर्जाचा केंद्रीय कायदा १९१४ सालचा आहे. कायद्याने सोपवलेली कामे, दुष्काळातील मदत, साथीच्या रोगाचा बंदोबस्त, आणि आधीच्या कायदेशीर कर्जाची फेड, यांसाठी स्थानिक संस्थेने आपल्या उत्पन्नाच्या तारणावर कर्ज काढावे, अशी त्यात सोय आहे. पण कायद्याहून अधिक शिकवण मला मुंबईच्या इतिहासात सापडली, आणि ती कायद्याच्याही आधीची आहे.

१८६५ साली मुंबईच्या कारभारासाठी म्युनिसिपल कमिशनर हे पद निर्माण झाले आणि त्यावर आर्थर क्रॉफर्ड हे गृहस्थ आले. त्याच वर्षी अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतील तेजीचा फुगा फुटला. पण क्रॉफर्डसाहेबांचा हात आखडला नाही. रस्ते, गटारे, मंडया यांचा त्यांनी सपाटा लावला. १८६९ साली उघडलेल्या आणि पुढे त्यांच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या मंडईला आपण महात्मा फुले मंडई म्हणतो. कामे चांगली झाली, यात शंका नाही. मुंबईची साफसफाई सुधारली, हे त्यांच्या विरोधकांनीही नाकारले नाही. पण पैसा कुठून येतो, किती देणे झाले, याचा पत्ता कर भरणाऱ्यांना शेवटी लागला. १८७१ साली करदात्यांची नाराजी उफाळली. त्या वादात फिरोजशहा मेहता हे सव्वीस वर्षांचे बॅरिस्टर उभे राहिले. सगळे जण कमिशनरवर तुटून पडत असता त्यांनी म्हटले ते निराळेच होते. दोष एका माणसाच्या खर्चिकपणाचा नाही, तर जे पैसा देतात त्यांना निवडून द्यायचा अधिकार नाही याचा आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका आली आणि तिच्यातील निम्मे सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले. आज आपण प्रभागात मत देतो त्याच्या मुळाशी गटारांचे आणि रस्त्यांचे देणे आहे, हे पाठ्यपुस्तकात ठळकपणे सांगायला हवे होते, असे मला वाटते.

आता मुंबईहून आपल्या कोल्हापुरात येऊ. मध्ये दीडशे वर्षांचे अंतर आहे, पण प्रश्न तोच.

कोल्हापूर नगरपालिका १८५४ सालची. १९७२ साली तिची महानगरपालिका झाली. शहरातील सुमारे पन्नास किलोमीटर रस्ते एकदम नवे करण्याचा एकात्मिक रस्ते विकास प्रकल्प २००८-०९ च्या सुमारास आयआरबी कंपनीकडे सोपवला गेला. प्रकल्प २२० कोटींचा असे सांगितले गेले. पद्धत 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' ही. कंपनीने पैसा उभा करायचा, रस्ते करायचे, आणि तीस वर्षे शहराच्या वेशीवर टोल घेऊन तो वसूल करायचा. त्याखेरीज टेंबलाईवाडी येथील भूखंड दीर्घ मुदतीने द्यायचा. महापालिकेने कर्ज काढले नाही, असे त्या वेळी अभिमानाने सांगता येत होते. पण हे कर्ज नव्हते तर काय होते? पैसा आज घेतला, तीस वर्षे फेडायचा, आणि फेडणारे कोण तर शहरात ये-जा करणारे. गारगोटीचा रस्ता कळंब्याकडून शहरात शिरतो. म्हणजे सीपीआर रुग्णालयात रुग्ण नेणारा, विद्यापीठात अर्ज भरायला जाणारा, लक्ष्मीपुरीत माल आणायला जाणारा आपला तालुकाही त्या देण्यात आला. फक्त कर्जखताला कर्जखत म्हटले नव्हते आणि सही करताना ज्यांनी फेडायचे त्यांना कुणी विचारले नव्हते.

पुढे जे झाले ते आपल्यापैकी अनेकांच्या घरी अजून आठवणीत आहे. ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारखी मंडळी रस्त्यावर उतरली. कामे अपुरी आणि निकृष्ट आहेत, गटारे आणि पदपथ धड नाहीत, असे आंदोलकांचे म्हणणे होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये टोल सुरू झाला, जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके जळाले. कोर्टकचेऱ्या झाल्या, रस्त्यांच्या किमतीवर समित्या बसल्या. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये राज्य शासनाने टोल रद्द केल्याचे जाहीर केले आणि कंपनीला भरपाई देण्याचे पत्करले. ती रक्कम चारशे कोटींच्या वर होती.

टोल गेला याचा आनंद मलाही आहे. लोकांना न विचारता त्यांच्या माथी मारलेले देणे लोकांनी झुगारले, यात मला काही गैर दिसत नाही. पण गुलाल उधळून झाल्यावर एक प्रश्न विचारायचा राहून गेला. ते चारशे कोटी कुणी भरले? राज्याच्या तिजोरीने. तिजोरी म्हणजे कोण? आगपेटीपासून मोटारसायकलीपर्यंत प्रत्येक खरेदीवर कर देणारे आपण सगळे. कोल्हापूरच्या ताराराणी चौकातील रस्त्याचे पैसे गडचिरोलीच्या आदिवासीनेही भरले, ज्याने तो चौक कधी पाहिला नाही. टोलनाक्यावर निदान मागणारा हात दिसत होता; तिजोरीतून गेलेले दिसलेही नाहीत. कर्ज माफ झाले असे आपल्याला वाटले, प्रत्यक्षात ते दुसऱ्याच्या खात्यावर टाकले गेले. शेतकऱ्याच्या कर्जमाफीला निदान नापिकीचे, पडलेल्या भावाचे कारण असते. शहराच्या रस्त्यांना कोणते होते?

या प्रकरणातून आपण एक चुकीचा धडा शिकलो, असे माझे मत आहे. धडा हा की रस्त्यासाठी कर्ज नको, निधीच हवा. मुंबईकरांनी १८७१ मध्ये उलट शिकले होते: देणे आमच्या नावावर असेल, तर सहीचा अधिकारही आमचा हवा.

मोठ्या शहरांनी मधल्या काळात दुसरी वाट धरली. अहमदाबाद महापालिकेने १९९८ मध्ये राज्याच्या हमीशिवाय शंभर कोटींचे रोखे काढले. जकातीचे उत्पन्न तारण ठेवले. पुण्याने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी दोनशे कोटींचे दहा वर्षांचे रोखे ७.५९ टक्के व्याजाने विकले. गंमत अशी की त्याच वर्षी, १ जुलैला, वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईतील जकातही संपली. शहरांच्या हातातले स्वतःचे रोख उत्पन्न गेले आणि त्याजागी शासनाकडून येणारी भरपाई आली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सावकार शहराला पैसे देताना त्याची वसुली पाहतो, भाषणे नव्हे. पुणे-अहमदाबादच्या गोष्टी आपल्या आवाक्याबाहेरच्या आहेत, हे मान्य. गारगोटीने रोखे काढावेत असे मी मुळीच सुचवत नाही.

पण आपल्यासाठीही एक दार आहे आणि ते आपणच बांधलेले आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात जिल्हा ग्रामविकास निधीची योजना आहे. प्रत्येक ग्रामपंचायत आपल्या उत्पन्नाचा पाव टक्का या निधीत भरते, जिल्हा परिषद तो सांभाळते, आणि त्यातून गरजू ग्रामपंचायतींना गावच्या कामांसाठी कर्ज मिळते. म्हणजे सरळ सांगायचे तर ही गावागावांची भिशी आहे. ज्याला घर शाकारायचे त्याने या खेपेला उचलावी, पुढच्या खेपेला दुसऱ्याने. आपल्या आया-मावश्यांनी भिशीवर शिलाई यंत्रे घेतली, मुलांच्या फिया भरल्या आणि कुणाची भिशी बुडवली नाही, कारण देणारे आणि घेणारे एकाच गल्लीत राहतात. इतका साधा आणि आपल्या मातीतला हा विचार कायद्यात बसलेला असताना गावच्या गप्पांत त्याचे नाव ऐकू येत नाही. आमदार फंडाचे येते, खासदार फंडाचे येते, वित्त आयोगाचे येते.

एक हिशेब मांडून पाहते. आकडे कल्पनेतले आहेत, पण गणित खरे आहे. दोन हजार घरांच्या गावाने गटारांसह काही गल्ल्या पक्क्या करण्यासाठी वीस लाख रुपये पाच टक्क्यांनी, दहा वर्षांसाठी काढले. मुद्दल दरवर्षी दोन लाख. पहिल्या वर्षी व्याज एक लाख, म्हणजे घरामागे वर्षाला दीडशे रुपये. दरवर्षी व्याज उतरत जाते. दहाव्या वर्षी घरामागे एकशे पाच उरतात. एकूण व्याज साडेपाच लाख. 'साडेपाच लाख फुकट गेले' असे कुणी म्हणेल. त्याने दुसरे गणित करावे. निधीची वाट पाहत पाच वर्षे थांबलो आणि मजुरी-सिमेंट वर्षाला सहा टक्क्यांनी महागले, तर तेच काम पावणेसत्तावीस लाखांचे होते. वाट पाहण्यालाही व्याज लागते, फक्त त्याची पावती मिळत नाही. त्या पाच वर्षांतले मोडलेले टायर आणि म्हातारीचा मुरगळलेला पाय या गणितात धरलेलेच नाहीत.

यावर सर्वात मोठा आक्षेप वसुलीचा आहे आणि तो खरा आहे. घरपट्टी थकवणे हा आपल्याकडे गुन्हा समजला जात नाही. उलट मोठ्या घरांना ते मोठेपणाचे लक्षण वाटते. निवडणूक जवळ आली की वसुली थंडावते. दर चार वर्षांनी आकारणीची फेरतपासणी व्हायची असते, पण माडीवर माडी चढली तरी नोंद जुन्या कौलारू घराचीच राहते. अशा गावाला कर्ज दिले तर काय होईल? माझे उत्तर असे की, अशा गावाला निधी दिला तरी काय होते ते आपण पाहतोच आहोत. निधीचा रस्ता कुणाचाच नसतो. तो खचला तर ठेकेदार हसतो, अधिकारी बदलून जातो आणि आपण पुढच्या निधीची वाट पाहतो. घरामागे दीडशे रुपये भरलेल्या माणसाचे तसे होणार नाही. गल्लीत काँक्रीट पडत असताना तो दारात खुर्ची टाकून बसेल, खडीत माती किती ते पाहील, पाणी मारले की नाही ते विचारील. लाखो रुपयांच्या तपासणी यंत्रणेने होत नाही ते काम खुर्चीवरचा तो म्हातारा करील.

शिवाय निधीवर अटी असतात. २०२१ ते २०२६ या काळातील पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत अनुदानातील साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता. त्या कामांचे महत्त्व कुणी नाकारणार नाही. पण गावाला आधी काय हवे हे दिल्लीत ठरते, एवढेच दाखवून द्यायचे आहे.

रस्ता कुणाचा, हेही पाहावे लागते. गावातून जाणारा हमरस्ता बांधकाम खात्याचा. त्यासाठी गावाने एक पैसाही काढू नये, तेथे भांडूनच घ्यावे. आपली जबाबदारी आतल्या गल्ल्यांची, बोळांची आणि कडेच्या पायवाटेची. त्यातही पायवाटेचे दुःख निराळे आहे. चालणाऱ्याकडून टोल घेता येत नाही, तो पेट्रोल जाळत नाही, म्हणून त्याच्यासाठी कुणी प्रकल्प काढत नाही आणि काढला तरी पदपथाचे काम शेवटी राहते. महाविद्यालयाकडे येणाऱ्यांत पायी येणारे किती, शाळकरी मुले किती, बाजाराची पिशवी घेतलेल्या बाया किती, एकदा मोजून पाहावे. या सगळ्यांना गाडी नाही, पण घर आहे आणि घरपट्टी आहे. म्हणून पायवाटेसाठी घरपट्टीच्या आधारावर काढलेले कर्ज हाच मला त्यातल्या त्यात न्याय्य मार्ग वाटतो. मात्र ज्याचे पत्र्याचे खोपट आहे आणि ज्याचा तीन मजली बंगला आहे, त्यांच्याकडून सारखे दीडशे घेऊ नयेत. वरचे गणित सरासरीचे आहे. वाटणी घराच्या किमतीप्रमाणे व्हावी.

आणि हे सारे ग्रामसभेत व्हावे. ठराव ग्रामपंचायत करील, मंजुरी जिल्हा परिषद देईल. पण किती काढायचे, कोणत्या गल्ल्या आधी, हप्ता किती, शेवटचा हप्ता कोणत्या साली, हे आधी चावडीसमोर वाचून दाखवावे. कामावरच्या फलकावर 'अमुक यांच्या विशेष प्रयत्नांतून' ही ओळ असते, तिच्या जागी फेडीचे साल लिहावे. ग्रामपंचायत असो की उद्या नगरपंचायत होवो, यात फरक पडू नये.

१९५२ साली डॉ. जे. पी. नाईक यांनी गारगोटीत मौनी विद्यापीठ उभारले ते ग्रामीण शिक्षण आणि गावचा विकास यांची सांगड घालण्यासाठी. त्या आधाराने अर्थशास्त्र विभागाच्या प्राध्यापकांना एक विनंती करते. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही, नमुना ९ म्हणजे कर मागणीची. या वह्या मागून पाहता येतात. वीस विद्यार्थ्यांची तुकडी केली तर कोणत्या गल्लीला गटार नाही, कोणत्या माडीची नोंद कौलांची आहे आणि एकूण थकबाकी किती, याची यादी महिन्याभरात तयार होईल. ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा भरते आणि अठरा वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक मतदाराला तिथे बसता येते. आमच्या वर्गातील जवळजवळ सगळे जण त्यात येतात. काम उन्हाळ्याच्या सुट्टीत धरावे, जूननंतर आपल्या गल्ल्यांत मोजपट्टी टेकवायला कोरडी जागा मिळत नाही.